आमच्या खळ्यावरचा अमेरिकन पुढारी

सर्व लहानथोरांना, बायाबापड्यांना, तसंच सेलू तहसिलीतल्या तमाम गाईम्हशींना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येतं, की माझ्या वडिलांना एका लाकडी खुर्चीवर बसायचं होतं आणि ते त्यांना जमत नव्हतं.

हसू नका. बाब गंभीर आहे. खुर्ची चांगली होती, चारही पाय शाबूत. बाबांचेही दोन्ही पाय शाबूत होते. बसायला काही हरकत नव्हती, बसायचे ते. गोम अशी की समोरून कुणी मोठा माणूस आला, की बाबा बसलेले राहत नसत. आणि नाटकात त्यांना नेमकं तेवढंच करायचं होतं. समोरून गोरा साहेब येणार, ओरडणार, आणि बाबांनी बसून राहायचं.

वरची दवंडी मी बाबांच्या थाटात दिली. ते आमच्या गावचे कोतवाल होते. केळझरकडून उतरलं की कपाशीच्या शेतांमधून गाडीवाट येते, तिच्या टोकाला आमचं गाव. उद्या वसुलीचे साहेब येणार आहेत, ढोरं मोकळी सोडू नका, देवीच्या लशी टोचून घ्या, असलं सगळं गावाला बाबांच्या तोंडून कळायचं. त्यांचा आवाज असा, की इकडे दवंडी दिली तर शेजारच्या गावातले लोक ढोरं बांधून ठेवायचे.

एकोणीसशे छप्पन साली आम्ही सगळे नागपूरला जाऊन बौद्ध झालो. आल्या दिवशी बाबांनी जाहीर केलं, की आजपासून मेलेलं ढोर ओढणार नाही आणि पोळ्यात डफडं वाजवणार नाही. दोन्ही गोष्टी त्यांनी पाळल्या. गाव रागावलं, बाबा बधले नाहीत. कोतवाली मात्र ठेवली, कारण ती सरकारी होती.

आता गावचा रिवाज सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. गावात एक मालगुजार, म्हणजे गावाचे जमीनदार होते, त्यांना सगळे मालक म्हणत. सरकारनं मालगुजाऱ्या कधीच्या बरखास्त केल्या होत्या, पण आमच्याकडे ती बातमी नुसती कागदावर आली होती. ते रस्त्यानं निघाले की आमच्या वस्तीतला माणूस बाजेवर बसलेला असो, ओट्यावर असो, उठून उभा राहायचा. आजारी असला तरी. आमच्या शेजारचा एक म्हातारा तर तापानं फणफणलेला असताना उठला, मालक दिसेनासे होईपर्यंत उभा राहिला आणि मग पडला. ही सवय कुणी शिकवायची नाही. मूल चालायला लागायचं, बोलायला लागायचं, आणि मालक दिसले की उठायला लागायचं. बाबा बौद्ध झाले, पण त्यांच्या गुडघ्यांनी अजून दीक्षा घेतली नव्हती.

जयंतीला आमच्या वस्तीत जलसा व्हायचा. गाणी, मग थोडी सोंगं, मग भाषण. जलसा बसवायचे आमच्यातलेच एक मास्तर. बोरगाव मेघेला राहायचे, वर्ध्याच्या एका शाळेत शिकवायचे आणि रविवारी सायकलवर येऊन आम्हाला सुधारायचे. बारीक अंगाचे, चष्म्याचे, आणि रागावले की शुद्ध बोलणारे. त्या वर्षी मास्तर आले ते पेटलेलेच आले. नागपूरच्या कुठल्याशा साप्ताहिकात त्यांनी अमेरिकेतल्या एका काळ्या पुढाऱ्याची हकिकत वाचली होती.

वस्तीत विहार बांधायचं काम चाललं होतं. भिंती कंबरेपर्यंत आल्या होत्या. त्या भिंतींच्या आत आम्ही बसलो आणि मास्तरांनी हकिकत सांगितली. त्या पुढाऱ्याच्या आज्याला बाजारात बैलासारखं विकलं होतं. दात बघून. बाप कपाशी वेचायचा, दुसऱ्याच्या शेतात.

"कपाशी?" बाबांनी विचारलं. "म्हंजे आपल्यावानी?"

"आपल्यासारखीच. हा पुढारी आगगाडीत हमाल होता. रात्री शिकला. मग त्यानं काळ्या कामगारांची संघटना काढली, गावोगाव फिरला. म्हणायचा, हात जोडून मागू नका, उभे राहून मागा. पोलिसांनी मारलं, तुरुंगात घातलं, घर जाळलं. बाहेर आला की पुन्हा सुरू."

माझी माय कोपऱ्यात पदर ओढून बसली होती. तिनं विचारलं, "अन् बायको?"

"कोणाची?"

"त्याचीच. घर जाळलं त हे कुठी राह्यली लेकरं घेऊन?"

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. "ते छापलेलं नाही."

"छापत नाईतच," माय म्हणाली.

बाबांचे प्रश्न वेगळे होते. तिकडे मेलेली ढोरं कोण ओढते? काळ्यांची विहीर अलग हाये का? त्याइचा कोतवाल काळा की गोरा? मास्तरांना जेवढं ठाऊक होतं तेवढं सांगितलं, बाकीचं ठाऊक असल्यासारखं सांगितलं. मग ते मुख्य प्रसंगावर आले. एका हॉटेलात फक्त गोऱ्यांनीच बसायचं असा कायदा होता. हा पुढारी आत गेला, खुर्चीवर बसला आणि म्हणाला, चहा आण. मालक म्हणाला उठ. हा उठला नाही. लोक शिव्या देऊ लागले. हा उठला नाही. शेवटी पोलीस आले आणि त्याला खुर्चीसकट उचलून नेलं.

"खुर्चीसगट?" बाबांचे डोळे चमकले. त्यांनी तो शब्द तोंडात असा घोळवला, जसा गुळाचा खडा. "उठला नाई, म्हून खुर्चीसगट. वा रे पठ्ठ्या."

तिथंच ठरलं. या जयंतीला गाणी कमी आणि अमेरिकेतला पुढारी पूर्ण. पुढारी कोण होणार याचा वाद झालाच नाही. आवाज एकच होता. काळं करायलाही काही लावायला नको, ती सोय निसर्गानं सबंध वस्तीत मुबलक केलेली होती. खरी पंचाईत गोऱ्या साहेबाची. वस्तीत गोरा म्हणावा असा माणूस नव्हता. सगळ्यांना उन्हात उभं करून मास्तरांनी पाहिलं आणि मला निवडलं. मी जरा कमी भाजलेल्या भाकरीच्या रंगाचा होतो. बाकीचा फरक ज्वारीच्या पिठानं भरून काढायचा असं ठरलं.

मी तेव्हा पुलगावच्या कापूस गिरणीत लागलो होतो. तिथून केसांसाठी सरकी काढलेला कापूस आणला. दारूगोळ्याच्या डेपोतल्या एका जुन्या कारकुनाकडून साहेबी टोपी मिळवली. कापसाचे केस, पिठाचं तोंड, वर टोपी. आरशात पाहिलं तर मला स्वतःचीच भीती वाटली. माय म्हणाली, "पिठाच्या कोठीत पडलेल्या उंदरावानी दिसतं."

खुर्ची मास्तरांनी शाळेतून आणवली, बैलगाडीत घालून. वस्तीत आलेली ती पहिली खुर्ची. पोरं तिला हात लावून पाहत होती. बाबा तिच्याभोवती एक फेरी मारून आले, मग हळूच टेकले, मग पूर्ण बसले. "पाठ टेकवाची का?" त्यांनी विचारलं.

"टेकवा ना. त्यासाठीच असते ती."

बाबांनी पाठ टेकवली. चेहरा असा झाला, जणू कुणी मागून आधार दिला. इथपर्यंत उत्तम.

मग मी टोपी घालून आत आलो आणि ओरडलो, "उठ! ही जागा गोऱ्यांची आहे!"

बाबा ताडकन उठले. हात जोडलेले, मान खाली. "जी मालक."

सगळे हसले. बाबाही हसले. "माह्या ध्यानातच नाई राह्यलं," म्हणाले. पुन्हा केलं. मी ओरडलो, बाबा उभे. तिसऱ्यांदा तर मी अजून तोंडही उघडलं नव्हतं, नुसती टोपी दिसली आणि ते उठले. हा समोरचा गोरा साहेब म्हणजे आपल्या पोटचं पोरगं, आज सकाळीच आपण त्याच्या पेकाटात लाथ घातली होती, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. उपयोग नाही. टोपी आली की गुडघे सरळ.

"बाबा, मी हाये ना मी," मी टोपी काढून दाखवली.

"तू हायेस ते मले समजते बे. पायाइले समजत नाई."

आठवडे गेले. मास्तर दर रविवारी यायचे आणि नवा उपाय करायचे. एकदा म्हणाले डोळे मिटून बसा. बाबा डोळे मिटून उठले. एकदा मास्तरांनी मायचं लुगडं मागून घेतलं आणि बाबांना कंबरेशी खुर्चीला घट्ट बांधलं. मी आलो, ओरडलो, आणि बाबा उठले. खुर्ची पाठीला लटकलेली, चारही पाय मागे हवेत, तसेच हात जोडून वाकले. कासवानं नमस्कार करावा तसं ते दृश्य.

मास्तर शुद्ध बोलू लागले. "अहो, अमेरिकेत त्याला पोलिसांनी खुर्चीसकट उचललं. तुम्ही स्वतःच खुर्चीसकट उठताय!"

आम्ही हसून लोळलो. पण या वेळी बाबा हसले नाहीत. त्यांनी लुगड्याची गाठ सोडली, घडी करून मायला दिली आणि भिंतीवर जाऊन बसले. मास्तर म्हणाले, आपण पुढारी बदलू या का, गिरणीतला कुणी तरणा पोरगा घेऊ.

"नाई," बाबा म्हणाले. "मीच करीन."

"पण जमत नाही तर..."

"गुरुजी, पोराले बसवून काय होते? त्यानं दहा वर्स नमस्कार केला असंल. मी जल्मभर केला. मी बसलो तरच खरं."

मास्तरांनी खुर्ची उचलून परत जागेवर ठेवली. त्या दिवसापासून मी पीठ लावताना कमी खिदळू लागलो.

घरी बाबा एकटे सराव करायचे. खुर्ची विहारातच असायची, म्हणून घरी पाटा उलटा घालून त्यावर बसायचे आणि दाराकडे टक लावून पाहायचे. मायनं विचारलं, काऊन असे बसून राह्यले? तर म्हणाले, अमेरिकेत हावो. माय म्हणाली, येतायेता दळन घेऊन येजा.

एकदा मला म्हणाले, "तो बसला असंल तवा हात कुठी ठेवले असतीन बे?" मी म्हटलं, चहा मागवला होता ना, मग कपबशी असेल हातात. त्यांना ते पटलं. त्यांचा तर्क असा होता, की हात रिकामे असले की जुळतात, आणि हात जुळले की पाय उठतात. म्हणून खेळात हातात कपबशी द्यायची, आणि चहा खरा द्यायचा, गरम. सांडला तर भाजेल या धाकानं तरी माणूस बसून राहील. मास्तरांना हा उपाय एखाद्या शास्त्रज्ञाला शोभण्यासारखा वाटला. करून पाहिलं. दोनदा बाबांच्या मांडीवर चहा सांडला. एकदा मात्र ते अर्धेच उठले आणि परत बसले. आम्ही त्या अर्ध्या उठण्याचा इतका जल्लोष केला, की काय झालं म्हणून बाया धावत आल्या.

म्हणजे जयंतीच्या दिवसापर्यंत एकदाही, लक्षात घ्या, एकदाही बाबा पूर्ण बसून राहिले नव्हते.

जलसा नेहमी दिवे लागल्यावर व्हायचा, पण त्या दिवशी भाड्याची गॅसबत्ती केळझरच्या एका लग्नात गेली होती. म्हणून उन्हं कलल्यावर, चांगल्या उजेडात, खळ्यावर खेळ लावला. पीक निघून गेलेलं, खळं शेणानं सारवलेलं, स्वच्छ. सकाळी बाबांनी दवंडी दिली. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या कामाची. "आज आमच्या खळ्यावर अमेरिकेतला पुढारी येनार हाये, समद्यांनी पाहाले या!" अख्ख्या गावात दिली. मालगुजारांच्या वाड्यासमोरही दिली, कारण दवंडी देताना घर गाळायचं नसतं. कोतवालीचा नियम.

परिणाम असा झाला, की गावातले इतर लोकही आले. शेतकरी, दुकानदार, तेल्याच्या घरच्या बाया. अर्ध्या लोकांना वाटलं खरोखरच अमेरिकेतून कोणी येणार आहे. ते लांब, बाभळीच्या कडेनं उभे राहिले. आमची माणसं पुढे जमिनीवर. माय पहिल्या रांगेत, हातात चहाची किटली, कारण चहा खरा आणि गरम लागायचा होता.

पहिला भाग सुरेख झाला. आज्याला बाजारात विकलं तेव्हा बाया रडल्या. घर जळलं तेव्हा तुऱ्हाट्यांचा भारा खरंच पेटवला, त्यामुळे पुढची दोन माणसं मागं सरकली. मायच्या आग्रहावरून मास्तरांनी पुढाऱ्याच्या बायकोला एक भाषण दिलं होतं. ते काम करणाऱ्या पोरानं नऊवारी नेसून ते असं म्हटलं, की माय मान डोलावत राहिली.

मग हॉटेल. बाबा आले. पांढरा सदरा, धुतलेलं धोतर, ताठ मिशा. अमेरिकेत धोतर नेसत असतील का, असा प्रश्न कुणालाही पडला नाही. ते खुर्चीवर बसले, लोकांकडे तोंड करून. पाठ टेकवली. "चहा आन," म्हणाले, आणि तो आवाज बाभळीपलीकडे गेला. मायनं किटलीतून कप भरला, पोरानं नेऊन दिला.

आता माझा प्रवेश. घामानं तोंडावरच्या पिठाची कणीक होत आली होती, हनुवटीवरून एक गोळा सुटला होता, पण मी सम्राटासारखा चालत आलो. लोकांकडे पाठ, बाबांकडे तोंड. छाती भरून ओरडलो, "उठ! ही जागा गोऱ्यांची आहे!"

आणि मागं सळसळ झाली. लोक उठत होते. एक रांग, दुसरी रांग, तिसरी. बायापोरं, म्हातारे, सगळे. मला वाटलं, माझा अभिनय. खरं सांगतो, त्या क्षणी मला वाटलं की आपण गिरणी सोडून नाटक कंपनीत जावं. मी आणखी जोरात ओरडलो, "उठ!" आणि आपली कीर्ती बघायला मागे वळलो.

मागे मालगुजार उभे होते.

दवंडी ऐकून ते पाहायला आले होते, अमेरिकेतला पुढारी कसा दिसतो ते. बरोबर छत्री धरलेला गडी. सगळी वस्ती उभी राहिली होती, पदर सावरून, माना खाली घालून. हातात पोथीसारखं बाड घेतलेले, लोकांना सुधारायला आलेले मास्तरही उभे. आणि मी? अमेरिकेच्या गोऱ्या साहेबानं, ज्याच्या धाकानं काळी माणसं कापत, त्या साहेबानं टोपी काढली आणि कंबरेत वाकून म्हटलं, "रामराम मालक." कापसाचे केस टोपीबरोबरच निघाले.

त्या खळ्यावर एकच माणूस बसलेला होता.

बाबा समोर बघत होते. सरळ मालकांकडे. कप बशीवर वाजत होता, मला ऐकू येत होता. धोतराखाली गुडघे थरथरताना दिसत होते. एकदा पाठ खुर्चीवरून सुटली. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा पाठ परत टेकली होती. बाबांनी सावकाश कपातला चहा बशीत ओतला, बशी तोंडाशी नेली, फुंकर मारली आणि भुर्रकन ओढला. पुढारी अमेरिकेत बशीनं प्यायला होता की नाही, मला माहीत नाही. आमच्या खळ्यावर प्यायला.

मालगुजारांनी छत्रीखालून विचारलं, "कोतवाल, दिसत नाई का तुले, कोन आलं ते?"

इथे मी थोडा थांबतो, कारण हे सांगताना मी नेहमीच इथे थांबतो आणि ऐकणारे मला शिव्या देतात. तेवढ्यात मागचंपुढचं सांगून टाकतो. मालगुजारांनी तहसिलीत तक्रार केली. बाबांची कोतवाली गेली. पुढे ते विहाराच्या बांधकामावर विटा वाहू लागले, आणि मग एका नव्या तहसीलदारानं दवंडी कुणाच्या आवाजात ऐकू येते याची चौकशी करून त्यांना परत घेतलं. त्या अमेरिकन पुढाऱ्याचं पुढे काय झालं, हे मला कधीच कळलं नाही. त्याचा फोटोही मी पाहिलेला नाही. आता कुणी त्या लोकांच्या लढ्याविषयी बोललं की माझ्या डोळ्यांसमोर जो माणूस येतो त्याला धोतर असतं, मिशा असतात, आणि पाठ खुर्चीला टेकलेली असते. त्याहून चांगला पुढारी माझ्या माहितीत नाही. आणि जयंतीनंतर आमच्या वस्तीत मालक आले म्हणून उठणं एकाएकी थांबलं असंही नाही. आधी एकदोघं बसून राहू लागले, चहाचा कप हातात धरून. मग कपाशिवाय.

तर, मालगुजारांनी विचारलं होतं. बाबांच्या तोंडात चहा होता, त्यांना बोलता येईना. मास्तरांना चष्मा सापडेना. मी टोपी उलटी घातली होती. आणि पहिल्या रांगेत माझी माय उभी होती, जी मालकांची सावली दिसली तरी आयुष्यभर भिंतीकडे तोंड करत आली, जिचा आवाज त्या माणसानं कधी ऐकला नव्हता. तिनं किटली खाली ठेवली, डोक्यावरचा पदर मागे सारला, बसली जमिनीवर, ऐसपैस मांडी घालून, आणि तिच्या तोंडून निघून गेलं:

"चहा पिऊन राह्यले ते, मालक. तुमी बसा."